चाळीस मिनिटांची पंगत

गिरणीत अभिमन बोरसेला सगळे खांब म्हणत. उंचीमुळे नव्हे, उंची पाच फूट दोन. रंगखात्यात तो कढत टबाशी उभा राहिला की हलत नसे, म्हणून.

त्याचं काम उतरत्या रंगाचं. लुगड्याचा पदर टोकाला गर्द आणि वर जाता जाता फिका होत पांढऱ्यात मिळायचा. त्यासाठी कापड दांडीवर टांगून टबात सोडायचं आणि बोटाबोटाने वर घ्यायचं. जेवढं जास्त वेळ बुडालं तेवढं गर्द. बस, एवढंच शास्त्र. पण वर घेणारा मध्येच शिंकला, की पदरावर आडवी रेघ उमटते आणि ती रेघ बाई मरेपर्यंत जात नाही. अभिमन बावीस वर्षांत तीनदा शिंकला. तिन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

चौऱ्याऐंशी साली गिरणी बंद पडली. दोन वर्षं त्याने मिळेल ते केलं: हमाली, लग्नाच्या मांडवांचे खांब पुरणं, एक उन्हाळा बर्फाच्या कारखान्यात. मग देवपुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचराची जागा निघाली. मुलाखतीत विचारलं, "काय येतं?" तो म्हणाला, "उभं राहता येतं." बाकीच्या अर्जदारांनी बरंच काही येतं असं सांगितलं होतं, म्हणून यालाच घेतलं.

प्रयोगशाळेत कोठावदे सर होते. वय चाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, पीएच.डी. आठ वर्षं अर्धवट. कॉलेजात त्यांच्या पीएच.डी.ला पांझरा नदीचा पूल म्हणत. दरवर्षी दुरुस्तीला निघायची. विषय असा: काचेच्या पट्टीवर एक थर चढवायचा, पण सगळीकडे सारखा नाही. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता वाढत वाढत जाणारा. जास्तीत जास्त जाडी किती? सरांनी पहिल्याच दिवशी अभिमनला समजावलं.

"नाना, डोक्याचा एक केस घ्या. त्याचे उभे हजार काप करा. त्यातले चार काप एकावर एक ठेवा. तेवढा."

अभिमनने सरांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे केस मोजकेच उरले होते, कापायला देण्यासारखे नव्हते.

"आणि हे करायचं कशाला?"

"एका पट्टीवर शंभर जाड्या मिळतात. शंभर पट्ट्या वेगवेगळ्या करायला नकोत. शंभर प्रयोग एकदम होतात."

"म्हणजे आळस."

"शास्त्रात त्याला काटकसर म्हणतात."

"गिरणीत आळसच म्हणत," अभिमन म्हणाला आणि काच धुवायला लागला.

काच धुणं त्याला लगेच जमलं. आधी साबण, मग तेजाब, मग उकळतं पाणी, मग काठाला धरून हवेत वाळवणं. सर म्हणाले होते तीनदा धुवा. तो पाचदा धुवायचा. चौथ्या धुण्यानंतर पाणी काचेवरून थेंब न धरता एकसंध पडद्यासारखं उतरतं, हे त्याने पाहून ठेवलं होतं. पाचवं धुणं चौथ्यावर विश्वास नाही म्हणून.

थर चढवायची रीतही त्याला ओळखीची निघाली. चंचुपात्रात शिशाचं मीठ, कॉस्टिक आणि आणखी एक पांढरी भुकटी विरघळवायची. त्यात काच उभी बुडवली की हळूहळू थर धरतो. काच सावकाश वर घेत गेलं, की आधी बाहेर आलेल्या भागावर थर पातळ आणि शेवटी बाहेर आलेल्यावर जाड. अभिमनला हसूच आलं. लुगड्याचा पदर होता तो. फक्त लुगडं तीन इंची आणि नेसणारी कोणी नाही.

रंगसुद्धा दिसायचे. मिश्रणात रंग काही नव्हता, पण थर चढला की काचेवर आधी फिकट पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग एकातून एक निघायचे. ओल्या रस्त्यावर डिझेल सांडल्यावर निघतात तसे. जाडी बदलली की रंग बदलतो, असं सर म्हणाले. अभिमनला ते एकदम पटलं. रंग न घालता रंग निघतो हे गिरणीच्या मालकाला वेळेवर कळलं असतं, तर गिरणी बंद पडली नसती.

काच वर घ्यायला सरांनी लेथवाल्याकडून एक पितळी स्क्रू करून आणला होता. पूर्ण फेरा दिला की काच एक मिलिमीटर वर. उतार हवा साठ मिलिमीटरचा. अभिमनने दर दहा सेकंदांनी पाव फेरा द्यायचा. साठ फेरे, दोनशे चाळीस पाव फेरे, चाळीस मिनिटं. मध्ये बसायचं नाही, खोकायचं नाही, माशी हाकलायची नाही. सर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसून वाचत देखरेख करायचे.

पट्टी निघाली. रंग होते, पण त्यात आडवे पट्टे. कुठे साफ, कुठे पुसट, पुन्हा साफ. केळीच्या पानावर शिरा असाव्यात तसे.

अकरा पट्ट्या झाल्या. अकराही पट्टेदार. सरांचे मार्गदर्शक पुण्याचे. त्यांनी दोनदा पट्ट्या परत पाठवल्या होत्या. तिसऱ्यांदा ते स्वतः येऊन समोर पट्टी करून पाहणार होते. नाहीतर विषय बदला म्हणाले होते. सर घाबरले. घाबरलेला माणूस दोष शोधतो, आणि दोष नेहमी पगाराने कमी असलेल्या माणसात सापडतो. त्यांनी प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहिलं: "पट्ट्यांचे कारण: परिचराचा हात थरथरतो." खाली सही, तारीख.

ती वही उघडीच असायची. शिपाई झुलाल दुपारी पंखा बंद करायला आला आणि वाचून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजाला पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या टपरीवर अभिमनला चहा मिळाला तो अर्धा कप.

"बाकीचा?"

"सांडशील, नाना," टपरीवाला म्हणाला. "पैसे बी अर्धेच दे."

झुलाल शेजारीच उभा होता. "अभिमन, तुना हात हालस असं लिखेल शे तठे. सही सुद्धा शे."

"मना हात नही हालस."

"लिखेल शे ना! मी थोडंच लिखं?"

अभिमनने अर्धा कप टपरीच्या फळीवर तसाच ठेवला. टपरीवाल्यापुढचा भरलेला कप उचलला, एका बोटाच्या टोकावर तोलून धरला आणि फाटकापर्यंत जाऊन परत आला. एक थेंब सांडला नाही. टपरीवर टाळ्या पडल्या. पण वहीतलं वाक्य होतं तिथेच होतं. टाळ्यांनी शाई पुसली जात नाही.

घरी पुष्पाबाईने ऐकलं. "बावीस वरीस रंगमा हात घाले, तैं नही हालना. आते काच धुईसन हालस का?" तिने त्याच्या हातात भाकरीचं पीठ दिलं. "मळ. मी दखस." त्याने मळलं. तिने पाहिलं. पीठ सैल झालं होतं. हात ठीक होता.

अभिमनला ते वाक्य खोडून हवं होतं. पगार, बढती, काही नको. फक्त ते वाक्य. तो मान खाली घालून काच धुवायचा, पण डोक्यात एकच गणित. हात थरथरतो की नाही हे कळायला एकच उपाय: हात काढून घ्यायचा. तरी पट्टे आले, तर दोष हाताचा नाही.

रविवारी एसटीने तो यावलकडे बन्सीलालच्या मळ्यात गेला. बन्सीलाल गिरणीतला जोडीदार; गिरणी बंद पडल्यावर बापाच्या केळीत परत गेलेला. मळ्यात ठिबक नवीनच बसवलेलं. जमिनीवर काळ्या नळ्या, त्यांतून दोऱ्यासारख्या बारीक नळ्या प्रत्येक केळीच्या बुंध्याशी, आणि टप टप पाणी. बन्सीलाल नव्या सुनेची ओळख करून द्यावी तसा एकेक नळी दाखवत होता.

"हात लावायचा नाही, काही नाही. मी बांधावर झोपतो, पाणी आपलं जातं."

"सगळीकडे सारखं जातं?"

"शेवटच्या झाडांना जरा कमी. नळी खाली उताराला सोडली की बरं जातं."

अभिमनने अडीच हात बारीक नळी मागून घेतली. बन्सीलालने विचारलं, "किती झाडं लावलीस?"

"एक काच लावलीय."

बन्सीलालने पुढे विचारलं नाही. गिरणी बंद पडल्यावर माणसं कशी कशी होतात, हे त्याने पाहिलं होतं.

सोमवारी सर वर्गावर असताना अभिमनने चंचुपात्रात काच स्थिर टांगली. बारीक नळीचं एक टोक मिश्रणाच्या तळाशी सोडलं, दुसरं टेबलावरून खाली जमिनीवरच्या बादलीत. तोंडाने ओढायचं नाही, कॉस्टिक आहे, एवढं त्याला गिरणीने शिकवलं होतं; नळी आधी पाण्याने भरून घेतली. सेकंदाला दोन थेंब पडू लागले. काच वर घ्यायचीच नाही; पाणीच खाली उतरतंय. पात्रात पाणी फक्त सहा सेंटिमीटर उतरणार आणि नळी खाली सबंध टेबलाची उंची लोंबणार, म्हणून थेंबांचा वेग जवळपास तोच राहायचा. त्याने घड्याळ लावलं. एकेचाळीस मिनिटं. एक मिनिट जास्त. नळीचं खालचं टोक तिथेच ठेवून पात्राकडची दोन बोटं कापून टाकली. चाळीस.

सर आले, पाहिलं, खूश झाले. हा प्रयोग दोन आठवडे आधी आपल्यालाच सुचला होता असंही त्यांना वाटू लागलं. लगेच एक पट्टी लावली. सर वाचत बसले. अभिमन हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहिला, साक्षीदार असल्यासारखा.

पट्टी निघाली. पट्टे होतेच.

"पाहिलंत?" अभिमन म्हणाला. "हात नव्हता."

सर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही उभे होतात ना. पावलांचा हादरा."

"मी हललो नाही."

"श्वास."

श्वास बंद ठेवायची जागा सरकारी नोकरीत अजून निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अभिमन श्वासासकट दाराबाहेर थांबला आणि आत पाहत राहिला. सकाळचे दहा. नवी पट्टी लावून झाली होती. खिडकीतून ऊन थेट पात्रावर पडत होतं आणि पाण्यावरून उलटून भिंतीवर रुपयाएवढा कवडसा उमटला होता. कवडसा आधी शांत होता. सर आले, स्टुलावर बसले, पुस्तक उघडलं. कवडसा नाचू लागला.

अभिमनने खाली पाहिलं. सरांचा उजवा पाय. टाच वर, चवडा जमिनीवर, आणि गुडघा शिवणयंत्रासारखा चालू. गुडघा टेबलाच्या पायाला लागून. टेबल हलतं, पात्र हलतं, पाणी हलतं. सर चहाला उठले, कवडसा थांबला. आठ मिनिटांनी परत आले, कवडसा सुरू.

पट्टी सुकल्यावर त्याने तिच्याशेजारी मोजपट्टी धरली. पाणी मिनिटाला दीड मिलिमीटर उतरत होतं. आठ मिनिटं चहा, म्हणजे बारा मिलिमीटर. पट्टीवर मधोमध साफ भाग बरोबर बारा मिलिमीटर. तिच्यावर सरांचा सगळा तास उमटला होता: इथे बसले, इथे उठले, इथे प्राचार्यांनी बोलावलं. एवढी खरी हजेरी कॉलेजच्या मस्टरमध्येही नव्हती.

त्याने सरळ सांगितलं. "सर, तुमचा पाय हलतो."

"माझा?" सर म्हणाले. "मी पदार्थविज्ञानाचा माणूस आहे, नाना. टेबलाला हादरा द्यायचा नाही हे मी शिकवतो."

हे म्हणत असताना गुडघा चालूच होता. टेबलावरची पेन्सिल घरंगळत जाऊन खाली पडली. अभिमनने उचलून दिली.

"तुम्ही तिकडच्या खोलीत बसा, फक्त चाळीस मिनिटं."

"देखरेख कोण करणार? तुमचं वय झालंय, तुम्हाला भास होतात." आणि त्यांनी वही ओढली. अभिमनने पाहिलं, आता भास हा शब्दही लिहिला जाणार. तो पटकन म्हणाला, "राहू द्या. चुकलो असेन."

झुलालला त्याने सगळं सांगितलं. झुलाल आधी खूप हसला, मग गंभीर झाला. "मना आजा म्हने, पाय हालवो नही, घरमाईन लक्ष्मी जास. याना पायमुळे पीएच.डी. गई ना!"

"मार्गदर्शक येई तैं दोन्ही जन टेबलले बसतीन. काय करानं?"

"पाय बांधी टाक."

अभिमनला तिथेच सुचलं. पाय बांधायचे, पण दोरीने नाही. मांडीने.

मार्गदर्शक जानेवारीत आले. वय बासष्ट, पोट मोठं, बोलणं कमी. सगळं समोर पाहिलं: धुतलेली काच, पात्र, नळी, पहिला थेंब. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सर आणि मार्गदर्शक स्टुलांकडे वळणार, तेवढ्यात अभिमन आडवा आला.

"साहेब, पान वाढलंय."

"आत्ता?"

"घरचं आहे. वरण-बट्टी. बट्टी थांबत नाही, गार झाली की दगड होते."

शेजारच्या रिकाम्या वर्गात सतरंजी अंथरली होती, दोन पाट, दोन ताटं. पुष्पाबाई पहाटेपासून खपली होती. खान्देशात पाहुण्याला बट्टी वाढली की नाही म्हणता येत नाही, आणि पुण्याहून रात्रभर एसटीने आलेल्या माणसाला तर म्हणायचंही नव्हतं. दोघं बसले. मांडी घालून. कोठावदे सरांची मांडी एकदा पडली, की त्यांचा पाय कुठे जाणार? अभिमन दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहिला. एका डोळ्याने घड्याळ, दुसऱ्याने ताटं.

बट्टी कुस्करणं, वरण ओतणं, तूप. अकरा वीस. वांग्याची घोटलेली भाजी, पुन्हा तूप. अकरा पस्तीसला मार्गदर्शकांनी हात आवरता घेतला.

"झालं आमचं. वा."

अजून पंधरा मिनिटं होती. झुलाल बट्ट्या आणि तुपाची वाटी घेऊन पुढे. "साहेब, एक. फक्त एक."

"नको हो, पोट आहे की पोतं."

"पाहुना तूप न खाता उठना ते पुरा गाव मले बोल लावी. मी गरीब मानूस शे."

मार्गदर्शकांनी एक घेतली. झुलालने एकीच्या नावाखाली दोन कुस्करल्या. अकरा बेचाळीस. आता कोठावदे सर उठायला लागले.

"मी जरा पात्र बघून येतो."

अभिमनने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हलका, पण जड. बावीस वर्षं ओलं कापड पेललेला हात. "पाहुणे जेवतायत, सर. यजमान ताटावरून उठत नाही."

सर पुन्हा बसले. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. हात खांद्यावर आठ मिनिटं होता आणि एकदाही हलला नाही. मग ताक आलं. अकरा पन्नास.

अभिमनने काच काठाला धरून बाहेर काढली, धुतली, वाळवली आणि मार्गदर्शकांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी नेली. पिवळसर, तपकिरी, जांभळा, निळा. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येईना. एक पट्टा नाही. मार्गदर्शकांनी ढेकर दिली, ती समाधानाची की बट्टीची हे कळलं नाही.

"आज पट्टे का नाहीत, कोठावदे?"

"सर, तापमान जरा... आणि आर्द्रता..."

"आज टेबलाला कोणी बसलं नव्हतं," अभिमन म्हणाला.

मार्गदर्शक वळले. आधी अभिमनकडे पाहिलं, मग कोठावदेंच्या उजव्या पायाकडे. उभ्या उभ्याही तो चवड्यावर थोडा चालू होता.

"अरे हो," ते म्हणाले. "पुण्यात तुम्ही माझ्यासमोर बसता तेव्हा माझ्या टेबलावरचं पेनस्टँड सरकतं. आठ वर्षं मी समजतोय की पंख्यामुळे." आणि ते हसायला लागले. इतके हसले की झुलालला वाटलं आता खाल्लेलं सगळं वाया जाणार.

ते गेल्यावर अभिमनने नोंदवही आणली. ते पान उघडून टेबलावर ठेवली आणि शेजारी पेन.

"हे खोडा."

सरांनी मान हलवली. "प्रयोगशाळेच्या वहीत खोडत नाहीत, नाना. चूक लिहिली तरी ठेवायची. शास्त्राचा नियम आहे."

हा नियम अभिमनला आवडला. पदरावरची रेघही पुसता येत नाही. "मग खोडू नका. खाली खरं लिहा."

सरांनी लिहिलं: "परिचराचा हात स्थिर आहे. कंपनाचे कारण अन्यत्र."

अभिमनने वाचलं. "अन्यत्र म्हणजे कुठे?"

"म्हणजे... दुसरीकडे."

"दुसरीकडे कुठे? माझा हात लिहिला तेव्हा अन्यत्र नाही लिहिलंत."

बाहेर दारात झुलाल उगाच फरशी झाडत होता. तीच एक फरशी, चौथ्यांदा. शेवटी सरांनी आधीची ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं: "कंपनाचे कारण: माझा उजवा पाय." तारीख घातली आणि सही केली.

अभिमनने फुंकर घालून शाई वाळवली. दोनदा वाचलं. झुलालला बोलावून त्यालाही वाचायला लावलं, मोठ्याने. कारण पहिलं वाक्यही त्यानेच गावभर वाचलं होतं.

"आता झालं समाधान?" सरांनी विचारलं.

"सहा काचा धुवायच्या राहिल्यात," अभिमन म्हणाला आणि गेला.

ती वही अजून त्या कपाटात असेल. अभिमन शहाण्णव साली निवृत्त झाला, सर त्याआधी डॉक्टर झाले. त्या पानावर वरचं वाक्य सरळ अक्षरात आहे, खालचंही सरळ आहे. फक्त शेवटची सही वेडीवाकडी, नागमोडी आली आहे. सही करताना सरांचा गुडघा पुन्हा टेबलाला लागला होता.